खोदण्याआधी उघडून बघा: जमिनीखालच्या लाइनजवळ काम करणाऱ्या नवख्यांसाठी

नकाशात गॅसची लाइन फुटपाथच्या कडेपासून 1 मीटरवर दाखवलेली असते आणि खणल्यावर ती 1.8 मीटरवर निघते. नकाशा काढणाऱ्याची चूक नसते. त्याने मोजलं ती कड वेगळी होती. मधल्या काळात रस्ता रुंद झाला, फुटपाथ आत सरकला, नकाशा तसाच राहिला. खोलीचंही तेच. 1 मीटर खोल टाकलेल्या पाइपवर डांबराचे दोन-तीन थर चढले की तो 1.2 मीटरवर जातो. काँक्रीटचा रस्ता करताना पातळी खाली घेतली तर तोच पाइप 60 सेंटिमीटरवर येतो.

नकाशावरून खाली काहीतरी आहे एवढं कळतं. लोकेटर, म्हणजे केबल-पाइप शोधणारं यंत्र, फिरवला की साधारण कुठे आहे ते कळतं. जेसीबीचा बकेट लावायला तेवढं पुरत नाही. त्यासाठी लाइन आधी हलक्या हाताने उघडी करून डोळ्यांनी बघावी लागते. हा लेख त्या उघडं करण्याबद्दल आहे: हाताने, हवेने आणि पाण्याने. साइटवर कानावर पडणारे शब्द त्या त्या पायरीवर येतील, कारण सुटी शब्दयादी पाठ करून कुणी खड्डा नीट खणल्याचं दिसत नाही.

खाली काय काय असतं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या शहरातल्या रस्त्याच्या कडेला दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात पाच-सहा मालकांच्या लाइन असतात. प्रत्येकाची खोली वेगळी आणि खुणाही वेगळ्या.

विजेच्या केबलसाठी आयएस 1255 हे मानक आहे. त्यात कमी दाबाच्या आणि कंट्रोल केबल 75 सेंटिमीटरवर, 3.3 ते 11 केव्हीच्या 90 सेंटिमीटरवर, आणि 22 व 33 केव्हीच्या 1.05 मीटरवर असाव्यात असं सांगितलं आहे. केबल वाळूच्या थरात ठेवून वर विटा किंवा सिमेंटच्या फरशा मांडतात. त्यामुळे खणताना विटांची सरळ आडवी ओळ दिसली किंवा अचानक स्वच्छ वाळू लागली तर तिथेच थांबायचं. मुरमाड जमिनीत वाळू आपोआप येत नाही. अलीकडे केबल लाल किंवा नारिंगी खाचेदार नळीतून नेतात, साइटवर तिला डीडब्ल्यूसी (डबल वॉल कोरुगेटेड, म्हणजे दुहेरी भिंतीची खाचेदार) म्हणतात.

शहरातला गॅस घरांकडे येतो तो पॉलिथिलीनच्या पिवळ्या किंवा नारिंगी एमडीपीई पाइपमधून. या जाळ्यात दाब 4 बारपर्यंत असतो. त्याला गॅस पुरवणारी पोलादी लाइन बरीच जास्त दाबाची असते. पाइपच्या वर साधारण 30 सेंटिमीटरवर पिवळी वॉर्निंग टेप किंवा जाळी अंथरलेली असते. टेप सापडली म्हणजे खाली पाइप आहे असं धरा. टेप सापडली नाही म्हणून पाइप नाही असं मात्र धरू नका. आधी कुणीतरी तिथे खणून टेप फाडून टाकलेली असू शकते.

पाण्याची मोठी लाइन बीड, डक्टाइल किंवा सौम्य पोलादाची असते. जुन्या भागात एसी, म्हणजे अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पाइपही निघतात. घरगुती जोडणीची एचडीपीई नळी काळी, निळ्या पट्ट्यांची. दूरसंचारच्या मुख्य फायबरसाठी बीएसएनएलचा जुना दंडक 1.65 मीटर खोलीचा आहे, पण गल्लीतल्या फायबरच्या नळ्या हातभर खोलीवरही सापडतात. ड्रेनेज उताराने जातं, त्यामुळे त्याची खोली दर चेंबरला बदलते. दोन चेंबर उघडून पाइपच्या तळाची पातळी घेतली की मधला पाइप कुठून जातो याचा हिशेब करता येतो. या तळाच्या पातळीला इन्व्हर्ट म्हणतात. पाइपच्या माथ्यापासून रस्त्यापर्यंतच्या अंतराला कव्हर म्हणतात. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की गोंधळ होतो. 45 सेंटिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये दोहोंत अर्ध्या मीटरचा फरक पडतो.

पहिली पायरी: कळवणे आणि उत्तर मिळवणे

महापालिकेची रस्ते खोदाईची परवानगी हातात आली म्हणजे सगळं झालं, असा समज सगळ्यात महागात पडतो. ती परवानगी रस्त्याच्या मालकाची असते. खालच्या लाइनींच्या मालकांना वेगळं कळवावं लागतं.

त्यासाठी केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप 22 मार्च 2023 ला सुरू झालं. दूरसंचार विभाग आणि गांधीनगरची भास्कराचार्य संस्था यांनी ते केलं आहे. खोदणाऱ्याने जागा आणि तारीख टाकली की त्या भागात नोंद असलेल्या लाइनमालकांना सूचना जाते आणि दोघांचा थेट संपर्क होतो. अमेरिकेत याच कामासाठी 2007 पासून 811 हा फोन क्रमांक चालतो. आपल्या अॅपचा उपयोग जरूर करा, पण त्यावरच विसंबू नका. नोंद नसलेल्या लाइनच्या मालकाला सूचना जाणारच नाही. वीज कंपनी, गॅस कंपनी, पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि दूरसंचार कंपन्यांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

उत्तराच्या बाबतीत एक नियम कडक पाळा. अमेरिकेत त्याला पॉझिटिव्ह रिस्पॉन्स म्हणतात: प्रत्येक मालकाकडून ‘आमची लाइन आहे, खूण केली’ किंवा ‘आमची लाइन नाही’ असं स्पष्ट उत्तर हवं. उत्तर न येणं हे ‘नाही’ नव्हे. पाचांपैकी चार उत्तरं आली आणि ठेकेदार घाई करत असेल, तर न आलेलं पाचवं उत्तर बहुतेक वेळा विजेचं किंवा गॅसचं असतं.

पत्रासोबत ‘अमुक चौक ते तमुक चौक’ एवढंच लिहून पाठवू नका. खणायची जागा आधी जमिनीवर पांढऱ्या रंगाने आखा, फोटो काढा, तोच जोडा. याला व्हाइट लाइनिंग म्हणतात. लाइनमालकाचा माणूस आला की तो नेमक्या त्याच पट्ट्यात बघतो. सबंध रस्ता दाखवला तर तो नकाशाची झेरॉक्स देऊन जातो.

दुसरी पायरी: पायी फेरी

मशीन आणायच्या आधी एक माणूस कागद घेऊन कडेने चालू द्या. बघायच्या गोष्टी: व्हॉल्व्हची झाकणं, चेंबर, फीडर पिलर (रस्त्याकडेची वीजवाटपाची पेटी), गॅसचे रूट मार्कर (लाइनचा मार्ग दाखवणाऱ्या खुणा), इमारतीच्या भिंतीवर चढणारे गॅसचे पाइप, रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब, ट्रान्सफॉर्मरच्या डबल पोलवरून खाली उतरणारी केबल. खांबावरून खाली उतरलेली प्रत्येक केबल कुठे ना कुठे वर येते. ती दोन टोकं जोडणारी रेघ कागदावर काढा.

डांबरावरची ठिगळंही वाचता आली पाहिजेत. अर्धा मीटर रुंद आणि लांबलचक ठिगळ म्हणजे चर. चौकोनी एकटं ठिगळ म्हणजे बहुधा जोड किंवा गळतीची दुरुस्ती. अशा ठिकाणी केबलचा जॉइंट असला तर तो केबलपेक्षा जाड आणि बाकी लांबीपेक्षा नाजूक असतो.

तिसरी पायरी: लोकेटर, आणि तो कुठे फसतो

लोकेटर म्हणजे केबल-पाइप शोधणारं हातातलं यंत्र. त्याचे दोन भाग असतात: सिग्नल सोडणारा ट्रान्समीटर आणि तो ऐकणारा रिसीव्हर. फक्त रिसीव्हर घेऊन पॉवर मोडमध्ये फिरणं म्हणजे पॅसिव्ह शोध. त्यात केबलमधून वाहणाऱ्या 50 हर्ट्झच्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र टिपलं जातं. ट्रान्समीटर लाइनला थेट जोडून, क्लॅम्प लावून किंवा जमिनीवर ठेवून ठरावीक वारंवारितेचा सिग्नल सोडणं हा अॅक्टिव्ह शोध.

नवखा माणूस इथे हमखास फसतो. रस्त्यावरच्या दिव्यांची केबल दिवसा बंद असते. प्रवाह नाही म्हणजे क्षेत्र नाही, म्हणून पॉवर मोडमध्ये ती दिसतच नाही. काम दिवसा, शोध दिवसा, आणि संध्याकाळी टायमरने दिवे लागायच्या वेळी खड्ड्यात माणूस. तीन फेजचा भार समतोल असलेल्या केबलचा सिग्नलही क्षीण येतो, कारण तिन्ही क्षेत्रं एकमेकांना खोडतात. म्हणून पॅसिव्ह फेरीत काही सापडलं नाही तर अॅक्टिव्ह फेरी करायचीच. क्लॅम्प लावणं किंवा थेट जोडणं मात्र वीज कंपनीच्या माणसाचं काम आहे, तुमच्या हेल्परचं नाही.

प्लॅस्टिकचा पाइप लोकेटरला दिसत नाही. एमडीपीई, एचडीपीई, पीव्हीसी, एसी यांतून सिग्नल जात नाही. पाइपबरोबर ट्रेसर वायर टाकलेली असेल तरच तो सापडतो. मग लोक जीपीआर मागवतात, म्हणजे जमिनीत रेडिओलहरी सोडून परतावा वाचणारं रडार. त्याला प्लॅस्टिकही दिसू शकतं, पण मातीवर सगळं अवलंबून आहे. कोरड्या मुरमात आणि वाळूत ते चांगलं चालतं. ओल्या काळ्या मातीत लहरी वरच शोषल्या जातात आणि मीटरभर खालचंही दिसत नाही. पावसाळ्यानंतर लगेच काळ्या मातीत जीपीआरवर खर्च करण्यापेक्षा तेच पैसे चार जास्त ट्रायल पिटवर, म्हणजे लाइन उघडी करून बघायच्या छोट्या खड्ड्यांवर, घालावेत.

लोकेटरच्या पडद्यावर येणारा खोलीचा आकडा खोदाईसाठी कधीच वापरू नका. शेजारी दुसरी केबल असली की क्षेत्रं मिसळतात, आकडा चुकतो आणि जागाही बाजूला सरकते.

सापडलेल्या लाइनच्या खुणा रंगाने करतात. अमेरिकेची रंगसंगती बऱ्याच ठिकाणी वापरली जाते: वीज लाल, गॅस पिवळा, दूरसंचार नारिंगी, पिण्याचं पाणी निळा, ड्रेनेज हिरवा, आणि प्रस्तावित खोदाई पांढरा. आपल्याकडे हातात सापडेल तो रंग मारायची सवय असल्याने शेजारी ‘गॅस’, ‘11 केव्ही’ असं लिहा. आणि खूण करून थांबू नका, तिचं अंतर भिंतीपासून किंवा खांबापासून मोजून तिथेही लिहा. याला ऑफसेट म्हणतात. पहिल्या दोन तासांत मातीच्या ढिगाखाली रंग गाडला जातो. भिंतीवरचा ‘1.4 मी.’ तेवढा उरतो.

चौथी पायरी: सावध पट्टा ठरवणे

खुणेच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा असा ठेवायचा की त्यात जेसीबी किंवा पोकलेनचा बकेट घालायचा नाही. त्याला टॉलरन्स झोन म्हणतात. अमेरिकेत राज्यागणिक तो लाइनच्या बाहेरच्या कडेपासून 18 ते 24 इंच, म्हणजे 45 ते 60 सेंटिमीटर असतो. मोजायचं बाहेरच्या कडेपासून, मध्यापासून नाही. 60 सेंटिमीटर व्यासाच्या पाण्याच्या पाइपला मध्यापासून 45 सेंटिमीटर मोजलं तर हातात 15 सेंटिमीटरच उरतात. लाइनमालकाने जास्त अंतर सांगितलं तर त्याचं ऐकायचं. कमी सांगितलं तरी 60 सेंटिमीटर ठेवावं, हा आमचा सल्ला.

पाचवी पायरी: ट्रायल पिट

लाइन उघडी करून बघण्यासाठी खणलेला छोटा खड्डा म्हणजे ट्रायल पिट. परदेशी कागदांत त्यालाच पॉटहोल म्हणतात, आणि लाइनला उजेड दाखवायचा म्हणून डेलाइटिंग असाही शब्द आहे. रस्त्यातला खड्डा या अर्थाचा पॉटहोल तो नव्हे. कॅनडाच्या कंपनीचा कागद वाचून ‘पॉटहोल भरायचे आहेत’ असं समजणारे लोक असतात.

तुमचा चर जिथे जिथे लाइनला आडवा जातो तिथे प्रत्येक ठिकाणी एक पिट. लाइनला समांतर जात असाल तर काही अंतराने पिट घ्यावे लागतात, आणि वळणावर व जोडापाशी नक्की. काहीच माहिती नसेल तर रस्त्याच्या कडेला काटकोनात एक अरुंद आडवा चर हाताने खणा. 60 सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटरच्या आत खोल असा चर फुटपाथपासून डांबरापर्यंत नेला की त्या पट्ट्यातल्या बहुतेक उथळ लाइन एकदाच दिसतात.

हाताने खणताना:

1. डांबर किंवा काँक्रीट कटरने कापा. ब्रेकर फक्त वरच्या कठीण थरापुरता, आणि खुणेच्या बरोबर वर नाही. कटरची खोली थराच्या जाडीइतकीच लावा. थराला चिकटूनही फायबर असतो.
2. लाइनच्या बरोबर वरून खाली जाऊ नका. बाजूला खणा आणि मग आडवं आत सरका. माणसाचं वजन आणि पहारीचा घाव खाली पडतो, बाजूला पडत नाही.
3. टिकाव आणि पहार पहिल्या वीतभर थरापुरती. पुढे गोल कडेचं, इन्सुलेटेड दांड्याचं फावडं. हातभर खोलीनंतर थोडं खणा, थोडं हाताने बाजूला सारा.
4. दर 20-30 सेंटिमीटरला थांबून तळावर लोकेटर पुन्हा फिरवा. वरची माती गेल्यावर सिग्नल स्पष्ट होतो.
5. माती बदलली, टेप, वीट, वाळू किंवा फरशी लागली की फावडं ठेवा आणि हातमोजे घातलेल्या हाताने साफ करा.
6. एक लाइन सापडली म्हणून थांबू नका. कागदावर दोन असतील तर दुसरी सापडेपर्यंत पिट संपलेला नाही. नको असलेली जुनी लाइन सापडते आणि चालू लाइन तिच्या हातभर खाली असते, असं वारंवार होतं. टाकून दिलेली लाइन बंद आहे हे तिच्या मालकाने लेखी सांगेपर्यंत ती चालूच समजायची.

पाण्याने खोदाई: गाडी आणि तिचे भाग

हायड्रो एक्स्कॅव्हेशन किंवा हायड्रोव्हॅक म्हणजे उच्चदाबाच्या पाण्याने माती मोकळी करायची आणि तयार झालेला चिखल त्याच वेळी व्हॅक्यूमने गाडीत ओढून घ्यायचा. ही पद्धत पश्चिम कॅनडातल्या तेलक्षेत्रांत वाढली. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून गाडीवर पाणी तापवायचा बॉयलर असतो. आपल्याकडे तो भाग लागत नाही. इथे प्रश्न उलटा: काळी माती चिकटते आणि मुरमात दगड अडकतात.

गाडीचे भाग असे. स्वच्छ पाण्याची टाकी. पाण्याचा पंप. त्याला होजने जोडलेली लान्स, म्हणजे हातात धरायची लांब नळी. तिच्या टोकाला नोझल. हँडलवर डेडमन ट्रिगर: हात सुटला की पाणी बंद. हा ट्रिगर तारेने किंवा टेपने बांधून ठेवलेला दिसला तर त्या गाडीवर काम सुरू करू नका. दुसऱ्या बाजूला हवा ओढणारा ब्लोअर, साधारण 15 ते 20 सेंटिमीटर व्यासाचा सक्शन होज, तो उचलणारा बूम, आणि चिखल साठवणारी डेब्री टाकी. ब्लोअरच्या आधी फिल्टर आणि सायक्लोन असतो, कारण बारीक खडे आत गेले तर ब्लोअर खराब होतो. खड्ड्यातून निघालेल्या चिखलाला स्लरी म्हणतात, आणि हाताने किंवा यंत्राने निघालेल्या कोरड्या मालाला स्पॉइल.

महापालिकेची ड्रेनेज साफ करणारी जेटिंग-सक्शन गाडी दिसायला अशीच असते. तिला हायड्रोव्हॅक समजू नका. ड्रेनेजच्या नोझलचे झोत मागे मारतात, पाइपात होज पुढे खेचण्यासाठी. हातात लान्स नसते, हँडलवर डेडमन ट्रिगर नसतो. त्या होजने खड्डा खणायला गेलं तर नोझल उसळून माणसाला लागते.

पाण्याऐवजी दाबाच्या हवेने माती फोडली तर ते एअर एक्स्कॅव्हेशन. फायदा असा की निघालेली माती कोरडी राहते आणि तीच परत भरता येते. वाळू आणि सैल मुरमात ते उत्तम, कडक चिकणमातीत फार हळू.

पाण्याने खणताना दाब आणि अंतर

दाब ठरवताना कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या मार्गदर्शिकेचे आकडे आधार म्हणून चांगले आहेत. सरळ झोताच्या नोझलला कमाल 2500 पीएसआय, म्हणजे सुमारे 172 बार. लाइनपासून 45 सेंटिमीटरच्या आत आल्यावर 1500 पीएसआय, म्हणजे सुमारे 103 बार. नोझल जमिनीपासून आणि लाइनपासून 20 सेंटिमीटर दूर. लान्स एका जागी थांबवायची नाही, सतत हलती. झोत लाइनवर थेट रोखायचा नाही. लाइनमालकाने याहून कमी दाब सांगितला तर तोच धरायचा.

यामागचं कारण साधं आहे. झोत थांबला की एकाच बिंदूवर खड्डा पडतो, आणि तो बिंदू पाइपचा असेल तर पोलादी पाइपचं गंजरोधक आवरण सोलून निघतं, केबलच्या बाहेरच्या आवरणाला चीर पडते. तेव्हा काहीच होत नाही. सगळे निघून जातात. मग उघड्या पडलेल्या ठिकाणी पोलाद गंजत राहतं, केबलमध्ये ओल शिरते, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी गळती होते नाहीतर केबल फॉल्टला जाते. म्हणून ‘नुसता ओरखडा’ असं काही नसतं. पॉलिथिलीनच्या पाइपवर भिंतीच्या जाडीच्या 10 टक्क्यांहून खोल ओरखडा पडला तर तेवढा तुकडा बदलावा लागतो. हे ठरवणार गॅस कंपनी, तुम्ही नाही. तुम्ही कळवायचं.

क्रम असा ठेवा. वरचा कठीण थर कापून काढा. लान्सवाला आणि सक्शनवाला खड्ड्याच्या दोन वेगळ्या बाजूंना उभे राहू द्या. पाणी आणि सक्शन एकदम चालू करा. नुसतं पाणी मारत राहिलं तर खड्डा डबक्यासारखा भरतो, तळ दिसत नाही, आणि लान्सवाला अंदाजाने झोत मारू लागतो. लाइनला नोझल लागते ती याच क्षणी. खड्ड्यात दोन बोटांपेक्षा जास्त पाणी साचलं की ट्रिगर सोडा, सक्शनने ओढू द्या, मग पुढे. लाइन दिसली की तिच्या बाजूने आणि खालून मोकळं करा, वरून नाही. सक्शन होजचं धातूचं टोक लाइनवर आपटू देऊ नका, रबरी टोक लावा. काळ्या मातीचे मोठे गोळे होजच्या तोंडाशी अडकले तर आधी व्हॅक्यूम तोडायचा, मग हात. होजच्या तोंडाशी हात नेऊन गोळा काढायला जाणं म्हणजे हात आत ओढून घेणं.

थोडा हिशेब. 40 बाय 40 सेंटिमीटरचा आणि 1.2 मीटर खोल पिट म्हणजे 0.19 घनमीटर माती, वजनाने साडेतीनशे किलोच्या आसपास. मिनिटाला 30 लिटरने 15 मिनिटं पाणी गेलं तर 450 लिटर. एका छोट्या पिटमागे टाकीत 800 किलो जमा झाले. असे दहा पिट म्हणजे 8 टन. स्लरी कुठे रिकामी करायची ते सकाळीच ठरवा. ती पावसाळी गटारात सोडली की गाळ खाली बसतो आणि पहिल्याच पावसात चौक तुंबतो.

एसी पाइप निघण्याची शक्यता असेल तिथे झोत लाइनपर्यंत नेऊ नका. अॅस्बेस्टॉसचे तंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात, आणि पाइपही ठिसूळ झालेला असतो. शेवटचा थर हाताने, ओला ठेवून.

लान्सवाल्याला चेहऱ्याची पूर्ण ढाल, कानाचं संरक्षण, इन्सुलेटेड बूट आणि हातमोजे हवेत, कारण तो ओल्यात उभा असतो आणि खाली विजेची केबल असू शकते. झोत बोटाला लागला तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, रक्तही फार येत नाही. आत मात्र पाणी आणि माती खोल गेलेली असते. पट्टी बांधून घरी पाठवू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि ‘उच्चदाबाच्या पाण्याने आत घुसलेली जखम’ असं स्पष्ट सांगा.

खड्ड्यात माणूस उतरवण्याआधी

आयएस 3764 प्रमाणे मातीतला चर 1.5 मीटरपेक्षा खोल असेल तर बाजूंना टेकू हवाच. निघालेली माती कडेपासून 1.5 मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्म्या अंतरावर, जे जास्त असेल तेवढी दूर ठेवायची. घनमीटर मातीचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास असतं, आणि छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. पाण्याने खणलेल्या खड्ड्याच्या भिंती ओल्या असतात, त्या कोरड्यांपेक्षा आधी ढासळतात. उघडी केलेली लाइन लांब असेल तर वर आडवी कडी टाकून रुंद पट्ट्यांनी टांगा. तिच्यावर पाय देऊन चढू नका. केबल चालू असताना बाजूला ओढायची नाही. तशी वेळ आली तर मालकाला बोलवा.

लाइनला धक्का लागलाच तर

गॅस: मशीन सुरक्षितपणे बंद करता येत असेल तर बंद करा. नसेल तर तसंच सोडून वाऱ्याच्या उलट दिशेला पायी जा. पुन्हा चालू करायला परतू नका. जवळ मोबाइल, विडी, स्विच काही नाही. नैसर्गिक गॅस हवेत 5 ते 15 टक्के असला की ठिणगीने पेटतो. फुटलेला पॉलिथिलीनचा पाइप हाताने दाबायचा किंवा दुमडायचा नाही, वाहत्या गॅसने त्यावर स्थिर वीज साठते. खड्ड्यावर माती लोटू नका. वाट बंद झाली की गॅस केबलच्या नळीतून आणि ड्रेनेजमधून आडवा सरकतो आणि शेजारच्या तळघरात जमतो. मातीतून जाताना त्यातला वास शोषला जातो, म्हणून तळघरात वास नाही हा पुरावा नव्हे. आग लागली असेल तर ज्योत विझवू नका, आजूबाजूचं वाचवा. दूर गेल्यावर गॅस कंपनी आणि 112.

वीज: मोठा आवाज झाला आणि मशीन थांबलं, तरी केबल मेली असं समजू नका. ट्रिप झालेला, म्हणजे आपोआप बंद पडलेला वीजपुरवठा पुन्हा चालू करून बघितला जातो. ऑपरेटरने केबिनमध्येच बसावं, बाकीच्यांनी किमान 10 मीटर दूर. मशीनने पेट घेतला तरच उतरायचं, तेही मशीन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून उडी मारून. पुढे पाय न उचलता, जुळलेली पावलं घासत दूर जायचं. लांब पावलं टाकली तर दोन पायांमधल्या विजेच्या दाबाच्या फरकाने झटका बसतो.

पाणी: व्हॉल्व्ह तुम्ही फिरवू नका, पाणीपुरवठ्याला कळवा. आधी खड्ड्यातले लोक बाहेर. फुटलेल्या मुख्य लाइनने खड्डा काही मिनिटांत भरतो आणि कडा खचतात.

फायबर तुटला तर जिवाला धोका नाही, म्हणून लोक गुपचूप माती लोटतात. तसं करू नका. त्यावर रुग्णालय किंवा बँक चालत असू शकते. उघड्या तंतूचं टोक डोळ्यासमोर धरून बघू नका.

भरणे आणि नोंद

स्लरी परत भरायची नाही. ती सुकल्यावर आकसते आणि रस्ता खचतो. लाइनभोवती आणि वर 15 सेंटिमीटर स्वच्छ वाळू किंवा क्रशसँड, त्यावर चाळलेला मुरूम 15-20 सेंटिमीटरच्या थरांत ठोकून. लाइनच्या वर पहिले 30 सेंटिमीटर हातधुम्मसने, यंत्राने नाही. वॉर्निंग टेप फाटली असेल तर नवीन टाका. काढलेल्या विटा आणि फरशा परत जागेवर ठेवा. कचऱ्याच्या ढिगात गेलेल्या विटा म्हणजे पुढच्या माणसाची चुकलेली सूचना.

भरायच्या आधी मोजमापं घ्या: लाइनच्या माथ्यापासून रस्त्याच्या पातळीपर्यंतची खोली, व्यास, कशाची आहे, आणि दोन पक्क्या खुणांपासूनची अंतरं. फुटपाथची कड ही पक्की खूण नव्हे. इमारतीचा कोपरा, पुलाचा कठडा, मोठ्या चेंबरचं मध्य अशा खुणा घ्या. फोटोत टेप आणि आजूबाजूची ओळखू येईल अशी वस्तू दोन्ही दिसू द्या. अमेरिकेच्या एएससीई 38 या मानकात जमिनीखालच्या माहितीचे चार दर्जे आहेत: फक्त कागदावरची माहिती डी, वर दिसणाऱ्या चेंबर-व्हॉल्व्हशी पडताळलेली सी, लोकेटर किंवा रडारने शोधलेली बी, आणि उघडी करून मोजलेली ए. नकाशावर प्रत्येक रेघेशेजारी हे अक्षर लिहा. एका रेघेत 40 मीटर डी आणि मध्ये एका पिटपाशी ए असेल तर तसंच दाखवा, सगळी रेघ ए करू नका. या कागदाची एक प्रत लाइनमालकाला आणि एक पालिकेच्या पथ विभागाला द्या.